थांबा म्हटल्यावर

वहिनी : पाय काढ त्या ब्रेकवरून.

मास्तरीण : कुठे आहे ब्रेकवर पाय?

वहिनी : गाडी पुन्हा बंद पडली, आणि क्लच मी बरोबर सोडला होता. तुझ्याच ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत, तुझ्याकडूनच शिकलेय मी. तुझ्या बाजूचा ब्रेक दाबलेला असला की मला कळतं.

मास्तरीण : समोर खांब होता.

वहिनी : खांब पार्किंगच्या त्या टोकाला आहे. मध्ये अख्खी बस मावेल.

मास्तरीण : सवय गं. शेजारी शिकाऊ माणूस असलं की पाय आपोआप जातो.

वहिनी : शिकाऊ म्हणे. लायसन्सवरचा माझा फोटो पिवळा पडला. घरापासून इथपर्यंत हिरव्या सिग्नललासुद्धा ब्रेक मारलास. मागच्या टेम्पोवाल्याने उद्धार केला तो माझा, तुझा नाही.

मास्तरीण : वहिनी, परत जाऊ या.

वहिनी : आलं. मी वाटच बघत होते.

मास्तरीण : ऐक तर. पुढच्या महिन्यात येऊ. आत्ता क्लासमधली चारपाच जणं परीक्षेला बसतायत...

वहिनी : मागच्या महिन्यातही बसली होती. त्याआधी गिअरबॉक्स बिघडला होता. त्याआधी तुला सर्दी होती. सर्दीचा आणि आतड्याचा काय संबंध, ते मी तुझ्या भावाला विचारलं.

मास्तरीण : दादा काय म्हणाला?

वहिनी : तो काय म्हणणार, लाडक्या बहिणीला. म्हणाला, असेल काहीतरी. अगं, कालपासून ते खारट औषध पेल्यामागून पेले प्यायलीस. पोटात पाण्याशिवाय काही उरलं नाही. एवढं सोसून दारातून परत फिरायचं? हत्ती गेला नि शेपूट राहिलं.

मास्तरीण : शेपटाकडचीच तर भीती आहे.

वहिनी : हसवू नकोस, मी रागावलेय. मागच्या वेळी नळी अर्ध्यावरून काढावी लागली. तिथे आतड्यात तो कोंब, पॉलिप की काय म्हणतात तो, दिसला होता, तो तसाच राहिला. सहा महिन्यांत परत या म्हणाले होते, आता दोन वर्षं होतील. आईंचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय.

मास्तरीण : आईचं मला नको सांगूस. ते मला माहीत आहे.

वहिनी : मग दुखण्याला एवढं काय घाबरायचं? तासाभराचा प्रश्न.

मास्तरीण : दुखण्याला मी घाबरत नाही.

वहिनी : मग कशाला?

मास्तरीण : सांगून उपयोग नाही. तेव्हा सांगितलं तर म्हणालीस, भास झाला.

वहिनी : मी नाही, तिथल्या सिस्टर म्हणाल्या. गुंगीचं औषध दिलेलं असतं, म्हणाल्या.

मास्तरीण : आणि तू मान डोलावलीस.

वहिनी : डोलावली. बरं, असं कर. खाली उतर, या नव्या डॉक्टरबाईंशी नुसतं बोल. नाही पटलं तर गाडी वळवते. एका शब्दाने बोलणार नाही.

मास्तरीण : तू? एका शब्दाने?

वहिनी : घरी पोचेपर्यंत.

मास्तरीण : हँडब्रेक ओढ आधी.

* * *

डॉक्टर : बसा, घाई नाही. मागच्या वेळी काय झालं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

मास्तरीण : तुमच्याकडे आलं असेल ना सगळं.

डॉक्टर : कोंब दिसला, आईंना आतड्याचा कॅन्सर होता, आणि 'तपासणी अपूर्ण', एवढंच आलंय.

वहिनी : ती तशी घाबरट नाही हो, डॉक्टर. ड्रायव्हिंग शिकवते. भर चौकात नवशिक्याच्या हातात गाडी देऊन शेजारी शांत बसते. आमच्या घरात पाल निघाली तरी हिलाच बोलावतात. पण त्या दिवसापासून...

मास्तरीण : वहिनी, मी बोलू?

वहिनी : बोल की. मी कुठे अडवलंय.

मास्तरीण : त्यांनी सुई दिली, म्हणाले झोप लागेल. झोप लागली नाही. डोळे मिटले, जीभ जड झाली. ऐकू मात्र सगळं येत होतं.

डॉक्टर : काय ऐकू येत होतं?

मास्तरीण : म्हणजे?

डॉक्टर : ते लोक काय बोलत होते, आठवतं?

मास्तरीण : फरश्यांबद्दल. त्या डॉक्टरांच्या स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. पांढऱ्या घ्यायच्या की राखाडी. सिस्टर म्हणाल्या, पांढऱ्यावर तेलाचा डाग लगेच दिसतो. ते म्हणाले, दिसायलाच हवा, नाहीतर पुसणार कोण. आणि मी म्हणत होते, थांबा. दुखतंय, थांबा. पुन्हा पुन्हा म्हणत होते.

डॉक्टर : मग?

मास्तरीण : ते म्हणाले, बोलू द्या त्यांना, या औषधाने नंतर काही आठवत नाही. आणि परत राखाडीवर आले. शेवटी मी सिस्टरचा हात ओरबाडला, तेव्हा नळी निघाली.

वहिनी : हे फरश्यांचं तू मला कधी बोलली नाहीस.

मास्तरीण : तू विचारलं नाहीस.

वहिनी : नाही विचारलं. मान डोलवायला नको होती मी.

डॉक्टर : ते औषध बऱ्याच जणांची आठवण पुसतं, हे खरं आहे. तुमची पुसली गेली नाही. भासात कोणाला तेलाचे डाग ऐकू येत असतील असं मला वाटत नाही. तुम्ही जाग्या होतात. आणि समजा, काहीच आठवलं नसतं, तरी त्या वेळी दुखत तर होतंच.

वहिनी : रुमाल घे.

मास्तरीण : कशाला? मला काही झालं नाही.

वहिनी : झालं असं मी म्हटलं का? नुसता धरून ठेव.

डॉक्टर : पोटाचं ऑपरेशन झालंय कधी?

मास्तरीण : गर्भपिशवी काढलीय. बरीच वर्षं झाली.

डॉक्टर : मागच्या वेळी कोणी विचारलं होतं?

मास्तरीण : नाही.

डॉक्टर : अशा ऑपरेशननंतर आतडं कधीकधी आतल्या व्रणाला चिकटून बसतं. एरवी सैल असणारं वळण ताठ होतं. तिथे नळी रेटली की ब्रह्मांड आठवतं. मी बारीक नळी घेईन, लहान मुलांना वापरतात ती. हवा कमी भरेन, तिच्याऐवजी पाणी सोडेन. आतडं हवेने ताणलं गेलं की कळ येते.

वहिनी : आणि पूर्ण भूल दिली तर?

डॉक्टर : देता येईल. भूलतज्ज्ञ आहेत आज. काही कळणार नाही. पुष्कळ जण तेच घेतात, आणि त्यात वावगं काही नाही.

मास्तरीण : मला नको.

वहिनी : अगं, डोळे मिटले, उघडले, संपलं.

मास्तरीण : म्हणजे थांबा म्हणायची सोयच नाही. कळतंय का तुला, वहिनी?

वहिनी : आत्ता कळलं.

डॉक्टर : मग औषधाशिवाय सुरू करू. हाताला सुई लावून ठेवते, मागाल तेव्हा औषध देता येईल. आणि तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन.

मास्तरीण : असं म्हणतात सगळे.

डॉक्टर : थांबेन म्हणजे काय करेन, ते सांगते. नळी आहे तिथे राहील, हवा काढून घेईन, माझे हात बाजूला घेईन. झटक्यात बाहेर ओढणार नाही, त्याने जास्त दुखतं. पुढे हलवेन ती तुम्ही सांगाल तेव्हा.

मास्तरीण : आणि मी सांगितलंच नाही तर?

डॉक्टर : तर सावकाश बाहेर काढेन. कोंब राहील. मी रागावणार नाही, पण काळजी वाटेल. तो वाढतो, आणि तुमच्या घरात हे दुखणं आहे.

वहिनी : मी गाडी वळवायला तयार आहे. बोललेय तसं.

मास्तरीण : किल्ली दे इकडे.

वहिनी : का?

मास्तरीण : मी आत असताना तू गाडी नीट लावायला जाशील. मला त्या खांबाची काळजी आहे.

* * *

(तपासणीची खोली. मास्तरीण डाव्या कुशीवर. सिस्टर तिच्या पाठीशी उभ्या.)

डॉक्टर : जेली गार लागेल.

मास्तरीण : लागली.

डॉक्टर : पडद्यावर सगळं दिसेल. नको असेल तर सिस्टर तो वळवतील.

मास्तरीण : राहू दे. हे माझं आहे?

डॉक्टर : तुमचंच. आणि छान स्वच्छ झालंय. औषध शेवटच्या थेंबापर्यंत घेतलेलं दिसतंय.

मास्तरीण : वहिनी समोर उभी होती. तिच्यापुढे थेंब टाकायची कोणाची छाती आहे?

डॉक्टर : आता थोडी पुढे घेते.

मास्तरीण : थांबा.

डॉक्टर : थांबले. हवा काढली. हात बाजूला घेतलेत. दुखलं?

मास्तरीण : नाही.

डॉक्टर : बरं.

मास्तरीण : अजिबात दुखलं नाही. उगीच म्हटलं मी.

डॉक्टर : उगीच म्हटलं तरी चालतं. पुढे कधी जायचं ते सांगा.

मास्तरीण : सिस्टरना राग आला असेल.

डॉक्टर : त्या मान हलवतायत. नाही आला म्हणतायत.

मास्तरीण : पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्याला मोकळ्या मैदानात नेते. नुसता ब्रेक दाबायला लावते. गाडी थांबते हे पायाला कळल्याशिवाय ती चालवायचा धीर कसा होणार?

डॉक्टर : मग अजून एकदा दाबून बघायचाय?

मास्तरीण : नको. चला.

डॉक्टर : हे पहिलं वळण गेलं. पुढचं ते चिकटलेलं असावं. इथे कळ येईल, खोटं सांगत नाही.

मास्तरीण : आली. आई गं. थांबा, थांबा.

डॉक्टर : थांबले. हवा काढतेय. श्वास सोडा, सावकाश. सिस्टर, पोटाला इथे खालून हाताचा आधार द्या. दाबू नका, नुसता आधार.

मास्तरीण : मागच्या वेळी इथेच.

डॉक्टर : इथेच असणार. थोडं औषध देऊ?

मास्तरीण : जीभ जड होईल?

डॉक्टर : होऊ शकते.

मास्तरीण : मग राहू दे. उतरतेय कळ.

डॉक्टर : पाठीवर वळता येईल? बाजू बदलली की आतडं कधीकधी स्वतःच जागा देतं.

मास्तरीण : वळते. डॉक्टर, काहीतरी बोला ना. तुम्ही गप्प बसलात की मला धाकधूक होते.

डॉक्टर : काय बोलू?

मास्तरीण : काहीही. फरश्या सोडून.

डॉक्टर : मला गाडी मागे घेता येत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येते इथे. लोकांना वाटतं, बाई किती कामसू. खरं म्हणजे सरळ शिरून सरळ निघता येईल अशी एकच जागा आहे पार्किंगमध्ये, ती पकडायची असते.

मास्तरीण : मागे घेताना आरशात बघता, की मान वळवून?

डॉक्टर : डोळे मिटून.

मास्तरीण : हसवू नका, पोट हलतंय. या क्लासला माझ्या. आता न्या पुढे, पण हळू.

डॉक्टर : हळूच नेतेय. पोट असंच सैल असू द्या. गेली. वळली बघा.

मास्तरीण : वळली?

डॉक्टर : वळली. आता रस्ता सोपा आहे. हा बघा शेवट, मोठं आतडं इथवरच. आता परतताना नीट बघत येते.

मास्तरीण : ते काय लाल?

डॉक्टर : नुसती घडी आहे. हा तुमचा कोंब.

मास्तरीण : एवढासा?

डॉक्टर : वाटाण्याएवढा. देठ आहे त्याला, म्हणजे धरायला बरा. फास टाकला. आवळते आता. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं कळत नाही, त्यामुळे दुखणार नाही.

मास्तरीण : काही नाही कळलं.

डॉक्टर : निघाला. तपासायला पाठवते. दिसायला साधा वाटतोय, पण नक्की काय ते तपासणीनंतरच सांगेन.

मास्तरीण : आईचं इतक्या लवकर कोणी बघितलं नाही. तीही कोणाला काही बोलली नाही.

डॉक्टर : तुम्ही आलात.

* * *

वहिनी : आधी पाणी पी. मग बिस्किट. मग बोल.

मास्तरीण : एवढं सगळं झाल्यावर बोलायला काय उरणार?

वहिनी : काढला ना तो?

मास्तरीण : काढला. रिपोर्ट यायचाय. शेवटपर्यंत बघितलं त्यांनी.

वहिनी : सुटलो बाई. तुझ्या भावाला कळवते. सकाळपासून चार वेळा फोन केला त्याने, आणि दर वेळी विचारतो, गाडी कशी चालवलीस.

मास्तरीण : त्याला सांग, बरी चालवते.

वहिनी : हे तुझ्या तोंडून लिहूनच घ्यायला हवं. मी दाराला कान लावून उभी होते, माहीत आहे? तिथला माणूस हटकायला आला, तरी हलले नाही. एकदा तू हसल्यासारखी वाटलीस. बाकी काही ऐकू आलं नाही.

मास्तरीण : नव्हतंच ऐकू येण्यासारखं काही.

वहिनी : म्हणजे दुखलं नाही?

मास्तरीण : दुखलं की. एका जागी चांगलंच दुखलं.

वहिनी : मग ओरडली कशी नाहीस?

मास्तरीण : हळू सांगितलं तरी त्यांना ऐकू जात होतं.