नीलगिरीखाली

मरियमबी: सोड त्याचा गळा, तहा! सख्खा भाऊ आहे तुझा!

तहा: म्हणूनच मारतोय. परका असता तर पोलिसात दिला असता. बाजूला हो, अम्मा.

फरदीन: मार, भाई. मी हात नाही उचलणार.

तहा: उचल ना! बायको गेली माझी! मला लीव्ह मिळाली नाही म्हणून तुझ्या भरवशावर ऑस्ट्रेलियाला पाठवली होती तिला. अम्माबरोबर बहिणीकडे, कशफकडे राहतील, जंगल बघतील, येतील परत. आणि तू काय आणलंस? कार्गोतून पेटी!

मरियमबी: या अल्ला, नाकातून रक्त येतंय त्याच्या.

तहा: येऊ दे. माहनूरचं किती आलं होतं? बोल!

फरदीन: वाटेवरच्या फळ्या पावसाने भिजलेल्या होत्या, भाई. पाण्यात मिसळलं सगळं. मला नाही कळलं किती.

(तहा चहाचा थर्मास भिंतीवर फेकतो.)

मरियमबी: फोड! सगळं घर फोड! ती येणार आहे का परत?

तहा: साधी वाट होती ना, अम्मा? कशफ म्हणाली होती, म्हाताऱ्या बायकासुद्धा आरामात चालतात.

मरियमबी: चालतच होतो की आम्ही. ही उंच नीलगिरीची झाडं, वर बघून मान दुखायची. जिकडेतिकडे शेवाळ, पाणी ठिबकतंय. माहनूर पोरीसारखी पुढे पळत होती. म्हणाली, अम्मा, नाकाला बाम चोळल्यासारखा वास येतोय.

तहा: मग थांबली कशाला? या गाढवाने बोर्ड वाचला नाही?

फरदीन: वाचला होता. झाडाखाली थांबू नका, फांदी कधीही पडते.

तहा: वाचलास! आणि तरी बसवलंस तिला? थांब, आज तुला खलासच करतो. मग चढवा मला फासावर!

मरियमबी: सुरा ठेव! तहा! आधी माझ्यावर चालव!

फरदीन: अम्मा, तू मध्ये येऊ नको.

मरियमबी: का नको? तू नुसता मार खाशील, बोलणार नाहीस. मी बोलते. तहा, तेव्हाच तुझा व्हिडिओ कॉल आला होता.

फरदीन: अम्मा, प्लीज, गप बस!

मरियमबी: तू ड्यूटीवर, तेलाच्या टर्मिनलवर उन्हात उभा, घामाने निथळलेला. तिला जरा दम लागलेला बघितलास आणि ओरडलास, उभी काय ठेवलीय तिला, सावलीत बसव! अरे, तिथे ऊन होतं कुठे? थंडीने माझे दात वाजत होते. पण आपण इथे आखातात, फुजैऱ्याच्या उन्हात जन्म काढलेली माणसं. झाड दिसलं की खाली गाडी लावणार, खाली माणूस बसवणार. हा म्हणाला, भाई, बोर्ड आहे. तू म्हणालास, मला अक्कल शिकवू नको, यल्ला, चल, बसव.

फरदीन: तुला काय माहीत होतं, भाई? साधा वारासुद्धा नव्हता, तरी फांदी आली.

मरियमबी: दे तो सुरा. दे माझ्याकडे. हां.

तहा: फरदीन.

फरदीन: बोल, भाई.

तहा: कॉलेज सोडू नको म्हटलं, सोडलंस. रुवैसच्या रिफायनरीतली नोकरी धर म्हटलं, धरली नाहीस. जन्मात कधी माझा शब्द पाळला नाहीस तू.

फरदीन: नाही पाळला.

तहा: मग त्याच दिवशी कशाला ऐकलंस रे माझं?