प्रशांतचं भरतीचं अॅप आणि आपलं ‘एक नंबर हाय’

बसा, सगळे बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? मी हिरा, प्रशांतची आत्या. त्याची बायको वैशाली म्हणाली, आत्या, तुम्हीच बोला. अगं, मी जेट्टीवर मासळीच्या लिलावात ओरडणारी बाई. शोकसभेत बोलायचा आवाज माझ्याकडे नाही. भावाच्या पोराचं, चांगल्या धडधाकट पोराचं, झोपेत हृदय बंद पडतं, आणि आत्याने उभं राहून त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणायचं? जीभच वळत नाही. तरी बोलते.

मघापासून जो उठतो तो म्हणतो, प्रशांतने किती छान अॅप केलं, आपल्याला फुकट दिलं, देवमाणूस होता. खरं सांगू? ऐकताना मला राग येतोय. रागावू नका माझ्यावर. पण तो जिवंत असतानाही तुम्ही त्याला हेच सांगत होता, आणि त्यानेच तो हैराण झाला होता.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू आहे. भरतीच्या पाण्याशिवाय होडी आत येत नाही. प्रशांत नवी मुंबईत कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याने भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं अॅप केलं. नुसतं फुकट नाही ठेवलं, उघडं ठेवलं. कोणीही आत बघावं, कोणीही दुरुस्त करावं. आम्हाला त्यातलं काय कळणार? आम्हाला ‘फुकट’ तेवढं कळलं.

आणि इथेच सगळा घोळ झाला. वेळा घेतल्या होत्या मुंबईच्या. आपल्या खाडीत पाणी त्याहून अर्धा तास उशिरा चढतं. बंदरावरच्या प्रत्येकाला हे पहिल्या आठवड्यात कळलं. कोणी त्याला सांगितलं? कोणी नाही. तो दर सुट्टीला येऊन विचारायचा, “काका, अॅप कसं चाललंय?” आणि उत्तर काय? “एक नंबर हाय!” का, तर पोराने फुकट दिलंय, त्याला नावं कशी ठेवायची? देवळातल्या प्रसादात मीठ कमी आहे, असं कोणी म्हणतं का? सगळे आपले गुपचूप मनात अर्धा तास मिळवून होड्या हाकत होते.

मग एकदा तो स्वतःच जेट्टीवर बसून पाणी बघत राहिला. चूक त्याला सापडली. त्याने वेळ दुरुस्त केली, आणि तसं अॅपमध्ये लिहूनही ठेवलं. पण लिहिलं कुठे? अशा कोपऱ्यात, की जिथे आपलं बोट कधी जातच नाही. झालं! दुरुस्त केलेल्या वेळेत लोकांनी सवयीने आणखी अर्धा तास मिळवला. नामदेवभाऊंची होडी उतरत्या पाण्यात आली आणि वाळूवर रुतली. माणसं वाचली, हे आपलं नशीब. होडी कलंडली, बर्फातली मासळी समुद्राला गेली. आणि जे तोंडावर ‘एक नंबर’ म्हणत होते, तेच पाठीमागे म्हणाले, “फुकटचं ते असंच असायचं.”

प्रशांत माझ्या घरी आला तो लालबुंद होऊन. “आत्या, मी लिहिलं होतं! लोकांना वाचायला काय होतं?” नेटवरचे त्याचे दोस्तही तसलेच. त्यांनी कळवलं, वापरणारे अडाणी असतात, ज्याला नको त्याने वापरू नये, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, अरे, वल्हं हातात धरलेला माणूस तुझी बारीक टीप वाचत बसणार? तर म्हणाला, “मग वेळ चुकते हे मला आधी का नाही सांगितलं कोणी?” त्याचं बरोबरच होतं. आणि माझंही बरोबर होतं.

महिनाभर रुसून बसला. मग एके सकाळी चहा घेऊन नामदेवभाऊंच्या शेजारी बसला. “कसं चाललंय” असं नाही विचारलं. म्हणाला, “काका, अॅप उघडून दाखवा.” भाऊंनी उघडलं, वेळ बघितली, आणि जुन्या सवयीने बोटांवर काहीतरी मोजलं. “काका, हे काय मोजलं?”

“तुझी चूक मोजली, बाला.”

आठवतंय ना भाऊ? केवढा हसला होता तो! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्या दिवसापासून पोरगं बदललं. वेळ बदलली की पडदाभर मोठ्या अक्षरांत लिहायला लागला. आणि चहाचा कप तसाच हातात धरून बसायचा, “काय चुकतंय ते सांगा, त्याशिवाय पिणार न्हाय.” तेव्हा कुठे बायका बोलायला लागल्या. अमावास्येचं उधाण नीट दाखवत नाही, आमच्या बोलीत लिही, असलं काय काय. असं तोंडावर सांगितल्यानेच ते अॅप सुधारलं.

तो गेला. आता?

या मेघनाताई, पुण्याहून आल्यात. प्रशांतला त्या एकदाही भेटल्या नव्हत्या. नेटवरून दोघं मिळून हेच अॅप नीट करत होते. पुढच्या वर्षाच्या वेळा त्या भरणार आहेत. पण त्यांना पुण्यात बसून आपली वाळू दिसणार आहे का? या पावसाळ्यात वाळू सरकलीय, हे आपल्याला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार? तुम्ही त्यांनाही फोनवर ‘छान, छान’ म्हणालात, तर पुन्हा कोणाची तरी होडी रुतेल. आणि सगळ्याच वेळी माणसं वाचत नाहीत.

आता कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता आहे. माफ करा, मी शांतता मागणार नाही. त्याच्यासमोर आपण फार वर्षं गप्प बसलो. आज त्याच्या फोटोकडे बघून प्रत्येकाने अॅपमधली एक खोट सांगायची. खरी खोट. मेघनाताई, लिहून घ्या.

पहिली माझी. दुपारच्या उन्हात अक्षरं दिसत नाहीत. ऐकतोस ना प्रशांत? दिसत नाही रे बाला, काही दिसत नाही.

नमस्कार करते तुला.

नामदेवभाऊ, उठा. आता तुम्ही बोला.