शिकाऊ गाड्यांना प्रवेश बंद

नाही नाही, मावशी, थांबायचं नाही — का थांबलात? पाटी दिसली म्हणून? अहो, पाटी काय, कुणीही ठोकेल! बघा तरी नीट. ‘शिकाऊ गाड्यांना प्रवेश बंद’ — भोवती लाल गोल, तोही वाकडा, आणि पत्रा तेलाच्या डब्याचा, कडेला अजून सूर्यफूल दिसतंय. शी! ही मोडली तर दंड होतो? नाही. परीक्षेत नापास करतात? नाही. रस्ता नगरपालिकेचा आणि पाटी आमच्या दादाची — हो, माझाच भाऊ, सख्खा. ते हिरव्या दाराचं घर आमचंच. आता या भागात शिकाऊ गाडी आहेच कुणाची? माझी एकटीची. म्हणजे पाटी कुणासाठी, तुम्हीच सांगा!

परदेशात एवढं शिकून आलीस आणि बायकांना क्लच दाबायला शिकवतेस, लाज नाही वाटत — भरल्या ताटावर म्हणाला. मी उठले ती बॅग घेऊनच निघाले. आठवड्यात पाटी. आणि गल्ली? गल्लीला कौतुक! समोरच्या डॉक्टरांनीही लगेच लावली — ‘हॉर्न वाजवल्यास चाकातली हवा सोडली जाईल’ — शिकलेला माणूस! किळस येते हो. ज्याच्या हाताला ब्रश लागला तो सरकार. आणि आपण वाचतो, मान खाली घालतो, वळतो. एकजण विचारत नाही, की बाबा रे, तू कोण?

आई? आई काय बोलणार. तिला कबूल केलं होतं, गाडी आणली की पहिली तुलाच शिकवीन. दुपारी खिडकीत बसते म्हणे. म्हणे म्हणजे — शेजारीण सांगते. मी? मी गेले का आत? तो प्रश्न वेगळा, मावशी. कायद्याने जाता येतं, एवढं लक्षात ठेवा. खरं म्हणजे आज जाऊच. अगदी दारापर्यंत. घाला पहिला गिअर. क्लच हळू — शाब्बास — अजून थोडा — घाबरताय कशाला, मी आहे ना शेजारी —

नाही, बंद नाही पडली. तुमचं काही चुकलं नाही. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो.

मी दाबला.

पडदा? वाऱ्याने हलला असेल. नका बघू तिकडे. मागे घेऊ म्हणता? तुम्हाला अजून रिव्हर्स येत नाही, मी घेते. उतरा. उतरा हो, मावशी — आजचा तास झाला.