हमीपत्र आणि हिरवा टी-शर्ट

फिलिपिन्समधल्या इलोइलोत खासदारांच्या कचेरीबाहेर, दवाखान्याचं बिल भरण्याच्या हमीपत्रासाठी लागलेल्या रांगेत, माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. दवाखान्यातून तशीच धावत आलेली मारिवेल आणि तिच्यामागे स्वतःचं डबा-पाणी घेऊन आलेल्या पासिंगमावशी.

"नवऱ्याचं ऑपरेशन झालंय. सरकारी विमा अर्ध्यावरच संपला. उरलेल्यासाठी साहेबांचं पत्र आणा, असं दवाखान्यातले म्हणाले."

"मिळेल गं. पण हा हिरवा टी-शर्ट काय घालून आलीस?"

"फुकट वाटलेला. का?"

"अगं, त्यावर साहेबांनी पाडलेल्या उमेदवाराचं थोबाड आहे!"

"अरे देवा! पण मावशी, पत्रातले पैसे साहेबांच्या खिशातले असतात का?"

"छे, सरकारचे."

"म्हणजे आपल्याच करातले?"

"हो की."

"मग सरकार थेट दवाखान्याला का देत नाही?"

"असं कसं? मग साहेब सही कशावर करतील?"

"मला काहीच कळेनासं झालंय."

"कळायचंय काय त्यात? पिशवीत साहेबांचा निळा टी-शर्ट आहे, तो वरून चढव. जाताना परत दे हं."

"देते. तुमचं कोण आजारी आहे, मावशी?"

"आज कुणीच नाही गं. पण उद्या कुणी पडलं, तर साहेबांनी मला ओळखायला नको?"