तारेने बांधलेला मग

मंडळी, ड्यूटी सोडून आलात, बरं केलंत. मला भाषण जमत नाही. दुबईतल्या डेऱ्याच्या या गोडाऊनचा मी स्टोअरकीपर. पण शुक्रवारी आपण दाऊदभाईंना माती दिली, आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट मलाच सांगायला हवी.

दाऊदभाई मूळचे आमच्या दाभोळकडचे, पण जन्म केपटाऊनचा. तिथे त्यांचा मोहल्ला सरकारने गोऱ्यांसाठी ठरवला आणि यांना घर सोडावं लागलं. पेट्या ठोकता ठोकता ते आपल्याला तिकडचे शब्द शिकवायचे. पास म्हणजे काळ्या माणसाने आपल्याच देशात खिशात बाळगायचं परवानगीचं पुस्तक. अपार्टहाईट म्हणजे वेगळं ठेवणं. ‘त्याविरुद्ध लढायला आफ्रिकनांची एक संघटना, हिंदी लोकांची दुसरी, कलर्ड म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांची तिसरी, थोड्या गोऱ्यांचीसुद्धा एक,’ ते म्हणायचे. ‘संघटना चार, पण सभेला चहाची किटली एकच.’ आपण हसायचो. आठवतंय ना?

आता आपल्या माठाकडे बघा. पितळी पेला आपला, म्हणजे स्टाफचा. बाजूला तारेने बांधलेला पत्र्याचा मग, तो हमालांचा. ती तार मी बांधली. दुसऱ्या कोणी नाही, मी.

पहिल्याच दिवशी दाऊदभाई त्या मगाने पाणी प्यायले. मला वाटलं, स्टाफचा नवा माणूस, चुकला. मी म्हटलं, “भाई, तो हमालांचा आहे.”

“मालूम आहे,” ते म्हणाले.

“अहो, स्वच्छतेसाठी वेगळा ठेवलाय.”

“तिकडेही हेच सांगायचे.”

खलास. चार वर्षं ते त्याच मगाने प्यायले. चार वर्षं मी ते रोज पाहिलं. आणि चार वर्षं ती तार तिथेच राहिली. का राहिली? लाज वाटते, एवढं सांगतो.

शेवटच्या दुखण्यात हमाल मुराद दिवसभर त्यांच्या उशाशी बसून होता. मी गेलो तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी मोठ्या मायेने हाच पितळी पेला घेऊन गेलो होतो. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “मुराद सुबह से प्यासा है. पहले उसको दे.”

मंडळी, माझा हात पुढे झाला नाही. मुराद उठून बाहेर गेला. मग दाऊदभाई दोन घोट प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आमचं तेच शेवटचं बोलणं.

आज सकाळी मी तार कापली. त्याने फार काही झालं असं नाही. कारण आत्तासुद्धा आपण सतरंजीवर बसलोय, आणि ज्यांनी त्यांचा जनाजा खांद्यावर नेला ते हमाल दाराबाहेर उन्हात उभे आहेत. आपण कोणी त्यांना अडवलं नाही. आत या, असंही म्हटलं नाही.

जरा सरकून घ्या. आता आपण दाऊदभाईंसाठी शांत बसणार आहोत, पण अजून नाही.

मुराद, अंदर आओ. सबको लेके आओ. पितळी पेला भरून ठेवलाय. पहले तुम पियो, फिर मैं.