शेततळ्यातली गुराब

अगं, माझ्या गुराबेचं तुम्हाला सांगितलंच नाही! गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज. त्याच्या छोट्या प्रतिकृतीचा लाकडी संच मी मागवला आणि नंदुरबारच्या खोलीवर रोज ऑफिसनंतर बसून जोडला. शिडाच्या दोऱ्या ओवता ओवता डोळे पार गेले! तयार झाल्यावर मांडीवर जपून धरून रिक्षाने गावी, कोरीटला नेलं, आप्पांना म्हणजे माझ्या वडिलांना दाखवायला.

आमच्या आप्पांनी ते नीट न्याहाळलं आणि आपल्या अहिराणीत एवढंच विचारलं, “हाई पानीमा चालस का?”

“नही आप्पा, शोभानं शे. कपाटमा ठेवानं.”

“मंग जहाज शे का बाहुली शे?”

मला ते असं झोंबलं! पंपाचे जड नट वजनाला म्हणून जहाजाच्या पोटात भरले आणि थेट शेततळ्यात सोडलं. सोडताच ते असं कलंडलं, की मी डोळेच मिटून घेतले. तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक शेवाळानं निसरडं झालेलं. बुडालं तर काढायला उतरणार कोण?

तेवढ्यात आप्पा ओरडले, “चालनं! पोरी, चालनं!”

बघते तर शिडात वारा भरलेला, जहाज सरळ होऊन सुसाट निघालेलं, आणि गुडघे धरून बसणारे आमचे आप्पा बांधावरून त्याच्या बरोबरीने पळतायत! पलीकडच्या काठाला शेजारच्या शेतातली सुमनकाकी उभी होती. तिने जहाज अलगद उचललं आणि विचारलं, “आप्पा, कोनं शे हाई?”

आप्पांना धाप लागलेली, तरी छाती पुढे काढून म्हणाले, “मन्ही पोरनं आरमार!”