म्हसोबाचा कोंबडा

अरे, माझा तर अजून विश्वास बसत नाही. परवा रविवारी दुपारी सोनईला आम्ही घरचे सगळे टीव्हीवर सिनेमा बघत होतो. खुनाचा, पण नुसता विनोदी. गुप्तहेर असला बावळट, की भिंग घेऊन स्वतःच्याच बुटांच्या ठशांचा माग काढतोय! शेवटी त्यानं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, बोट थेट आमच्याकडं रोखलं आणि ओरडला, "गुन्हेगार याच खोलीत आहे!"

आम्ही पोट धरून हसतोय, आणि आई एकदम उठून उभी राहिली.

"अहो, म्हसोबाला बोललेला त्यो कोंबडा बिबट्यानं न्हाई नेला. म्याच कापला. माजा भाऊ अवचित आल्ता, घरात कायच नव्हतं."

आम्ही गार! दोन वर्षांपूर्वी त्याच कोंबड्यापायी वडिलांनी वनखात्याच्या मागं लागून उसात पिंजरा लावून घेतला होता. महिनाभर सगळी वस्ती दिवस मावळायच्या आत दारं लावून बसायची.

वडील कसेबसे म्हणाले, "आगं, देवाचा कोंबडा! खाल्ला तरी कुनी?"

"तुमीच की! बिबट्याला शिव्या देत दोनदा रस्सा मागून घेतला."